भरपाई आणि प्रायश्चित्त

थर्ड पार्टी विम्यात चूक एकाची असते, नुकसान दुसऱ्याचे होते आणि पैसे तिसरा भरतो. गाडीमालक दरवर्षी हप्ता देतो. त्या गाडीखाली कोणी सापडला तर त्याच्या घरच्यांना द्यायची रक्कम मालकाच्या खिशातून न जाता विमा कंपनीकडून जाते. भारतात ही सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. तिचा नमुना ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचा होता. आज १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच बजावते: विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही.

व्यवहार म्हणून ही सोय कोणालाही पटते. धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. एकाच्या हातून घडलेल्या कर्माचा भार दुसऱ्याला उचलता येतो का? ‘ज्याचे त्यानेच फेडायचे’ असे घरोघर मानणाऱ्या समाजात, कुठल्याशा कंपनीने पाच-सातशे रुपयांच्या हप्त्यावर एका मनुष्याच्या मृत्यूचे देणे फेडावे, याचा अर्थ काय?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न रोज रस्त्यावर असतो. आकुर्डीच्या स्कूटरी, पिंपरीचे ट्रक, चाकणच्या मोटारी यांवरच हा भाग वाढला. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मधून पुणे-नाशिक रस्त्याने कंटेनर, टेम्पो, कंपनीच्या बसेस आणि शिफ्ट गाठायला निघालेल्या दुचाकी. खंडेनवमीला इथल्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूचे हार पडतात. दसऱ्याला शोरूमच्या दारात नव्या गाडीच्या टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात आणि मग गाडी लिंबावरून पुढे काढतात. डिकीत त्याच वेळी पॉलिसीचा कागद ठेवलेला असतो. लिंबू आणि पॉलिसी एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे कोणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. अपघात टळावा म्हणून लिंबू असते. पॉलिसीचे काम तो झाल्यानंतर सुरू होते.

वस्तूलाही दोष चिकटतो, ही समजूत फक्त इथलीच नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘डिओडँड’ नावाचा रिवाज होता. शब्दाचा अर्थ ‘देवाला द्यायचे’. ज्या वस्तूमुळे माणसाचा जीव गेला ती वस्तू, मग तो घोडा असो, गाडी असो की नुसते चाक, किंवा तिची किंमत राजाकडे जमा होई. ती धर्मकार्याला लागावी असा मूळ हेतू. मेलेल्याच्या बायकामुलांना तिच्यातले काही मिळावे असा नियम नव्हता. रेल्वे आल्यावर हा रिवाज अडचणीचा झाला, कारण इंजिनाची किंमत फार मोठी होती आणि ज्युरी रेल्वे कंपन्यांवर मोठाल्या रकमा बसवू लागल्या. १८४६ मध्ये पार्लमेंटने डिओडँड रद्द केला, आणि त्याच वर्षी अपघातात मेलेल्याच्या आश्रितांना भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. भारतात त्याची आवृत्ती १८५५ मध्ये आली. देवाच्या नावाने काढलेला पैसा विधवेच्या पदरात पडू लागला तो असा. मोटार अपघातातील मृत्यूच्या आजच्या दाव्यांचे मूळ या बदलात सापडते.

भारतीय धर्मशास्त्राने या प्रश्नाची मांडणी आधीच वेगळी केली होती. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. देणे-घेणे, भरपाई, दंड हे व्यवहाराचे विषय. पापाची शुद्धी हा प्रायश्चित्ताचा. एकाच कृत्यातून दोन्ही निघतात, पण एक फेडल्याने दुसरे फिटत नाही. मोटार विम्याच्या विचाराला ही विभागणी अजूनही उपयोगी पडते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर गाडीच्या अपघाताचे चक्क एक छोटे प्रकरणच आहे. दहा प्रसंगी गाडी, गाडीवान आणि मालक यांपैकी कोणालाही दंड नाही, असे ते सांगते. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली किंवा मागे सरकली, आस मोडला, चाक मोडले, बांधणीचे दोर, जोते किंवा लगाम तुटले, अथवा गाडीवान ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडत असतानाही समोरचा हलला नाही, तर दोष धरायचा नाही. गाडीवान अनाडी असल्यामुळे गाडी भरकटली आणि कोणाला इजा झाली, तर दंड मालकाला, दोनशे पण (जुने नाणे). गाडीवान जाणता असेल तर दंड त्याचा त्याला. आणि गाडीवान अनाडी असूनही जे गाडीत बसले, त्यांनाही प्रत्येकी शंभर पण.

ही यादी वाचताना चाकणच्या रस्त्यावरचे पंचनामे आठवतात. ‘ब्रेक फेल झाला’, ‘टायर फुटला’, ‘समोरून अचानक आडवा आला’ हे बचाव मनूच्या दहांपैकीच आहेत. आजचे न्यायालय मात्र मनूपेक्षा कडक आहे. ब्रेक निकामी झाला एवढे सांगून भागत नाही. गाडीची देखभाल नीट ठेवली होती, दोष आधी कळण्यासारखा नव्हता, हे मालकाला दाखवावे लागते. अनाडी गाडीवानाचा दंड मालकाने भरायचा, हा नियम तर जवळजवळ जसाच्या तसा चालू आहे. विनापरवाना माणसाच्या हाती ट्रक दिला आणि अपघात झाला, तर कंपनीला पॉलिसीची अट मोडल्याचा बचाव असतो. पण २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या बचावाला मर्यादा घातल्या. मालकाचाच कसूर होता हे कंपनीने सिद्ध करायचे, आणि ते सिद्ध झाले तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तिला ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देऊ शकते. पीडिताचे येणे आणि मालकाचा दोष हे दोन वेगळे हिशेब इथे कायद्याने स्वतःच वेगळे केले.

गाडीत बसणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आजचा विचार मनूपासून दूर गेला आहे. दुचाकीवर तिघे बसले की ‘ट्रिपल सीट होते, त्यांचीही चूक’ असे कंपनीचे वकील म्हणतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तिसरा म्हणून बसणे हा नियमभंग असला, तरी त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली असे दिसल्याशिवाय त्याची भरपाई कापता येणार नाही. शिफ्ट सुटल्यावर बस न मिळालेला कामगार मित्राच्या गाडीवर तिसरा बसतो, तेव्हा तो दोषात वाटा घेण्यासाठी बसत नाही. न्यायालयाची ही दृष्टी अधिक न्याय्य आहे.

यापुढचा प्रश्न दैवाचा. अपघात झाला की मराठी माणूस ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणतो, किंवा ‘तेवढेच आयुष्य होते’ असे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या तीन कर्मांच्या विचारात मृत्यू प्रारब्धाकडे जातो. यातून एक घातक निष्कर्ष काढला जातो: ज्याचे भरले होते तो गेला, मग ड्रायव्हरला बोल कशाला? हा निष्कर्ष शास्त्राच्या आधाराने टिकत नाही. मृताचे प्रारब्ध काहीही असो, ड्रायव्हरने डोळा लागत असताना कंटेनर हाकला, हे त्याचे क्रियमाण आहे आणि त्याचा कर्ता तोच. कायदा प्रारब्धात शिरत नाही. त्याला फक्त एवढेच विचारायचे असते की त्या वेळी काळजी घेता आली असती का.

पण निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट मृताच्या घरच्यांना फार जड जात असे. रात्रीच्या रस्त्यावर साक्षीदार कुठून आणायचा? मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात अशी भूमिका घेतली होती की विमा सक्तीचा आहे, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवली. त्यानंतर १९८२ मध्ये संसदेने कायदाच बदलला आणि दोष कोणाचाही असो, मृत्यूसाठी १५,००० रुपये द्यायचेच असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ आले. ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि त्यानुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. दोष ठरवल्याशिवाय देणे हे कर्मविचाराला प्रथम विचित्र वाटते. पण उपचाराचा खर्च इजा करणाऱ्याने सोसावा असे मनूही सांगतो, आणि रस्त्यावर गाडी आणणाऱ्या सगळ्यांनी मिळून तो सोसावा, ही त्याचीच पुढची पायरी आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळतो, तोही याच तत्त्वावर. इस्लामी न्यायशास्त्रात ‘आकिला’ची कल्पना आहे. चुकून घडलेल्या मनुष्यवधाची दियत, म्हणजे भरपाई, एकट्या मारणाऱ्याने न भरता त्याच्या कुळाने मिळून भरायची. भार वाटून घेण्याची ही रीत थर्ड पार्टी विम्याच्या फार जवळची आहे.

कुळाच्या जागी आज हप्ता भरणारे गाडीमालक आहेत. हप्ता दोन तऱ्हांनी ठरतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, आणि तो माणूस न पाहता इंजिन पाहतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र माणसाचे आचरण पाहतो. वर्षभर क्लेम केला नाही तर २० टक्के सूट, आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. गाडी विकली तर थर्ड पार्टीचे संरक्षण कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर राहतो. जबाबदारी गाडीला चिकटते आणि सावधपणाची कमाई माणसाला, ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे.

सर्वांत कठीण भाग मनुष्याच्या मोलाचा आहे. गाडीची किंमत पॉलिसीत आयडीव्ही म्हणून लिहिलेली असते. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षापर्यंत पंधरा, पाचव्या वर्षी पन्नास. मनुष्याच्या भरपाईतही वयाबरोबर उतरणारा एक आकडा असतो. त्याला गुणक म्हणतात. २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे २५ वर्षांपर्यंत १८, ३० पर्यंत १७, पन्नाशीपर्यंत १३, साठीपर्यंत ९, सत्तरीपर्यंत ५. वर्षाच्या मिळकतीतून मृताचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला गुणकाने गुणायचे.

उदाहरणादाखल चाकणच्या एका चौकात एकाच दिवशी दोन कामगार गेले असे धरू. दोघेही २८ वर्षांचे. दोघांच्याही मागे पत्नी, एक मूल आणि आई. पहिला ठेकेदाराकडे, महिना १५,००० रुपयांवर. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या ठरावीक पगाराच्या माणसाच्या मिळकतीत भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. वर्षाचे १,८०,००० चे २,५२,००० झाले. तीन आश्रित म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १,६८,०००. सतराने गुणून २८,५६,००० रुपये. दुसरा कंपनीत कायम, महिना ६०,००० रुपये. कायम नोकरीला वाढ ५० टक्के. आयकर बाजूला ठेवला तर त्याच रीतीने आकडा येतो १,२२,४०,००० रुपये. पहिल्याचाच १५,००० पगार असता आणि फक्त तो कायम असता, तरी त्याच्या घरी २,०४,००० रुपये जास्त गेले असते. ‘कायम’ हा शब्द या पट्ट्यात लग्न जमवतो आणि घरकर्ज मिळवून देतो. मेल्यानंतरही त्याला किंमत असते.

हा हिशेब ऐकून जिवाचा अपमान झाला असे अनेकांना वाटते. ती भावना खरी आहे, पण हिशेबाचा हेतू समजून घेतला पाहिजे. न्यायाधिकरण जिवाची किंमत ठरवत नाही. त्या घरात महिन्याला येणारा पैसा थांबला, तो किती होता आणि किती वर्षे आला असता, एवढेच ते मोजते. तरीही एक तक्रार उरते आणि ती योग्य आहे. ठेकेदाराने कमी पगार दिला, हा जिवंतपणीचा अन्याय. भरपाई त्या पगारावरच काढली की तोच अन्याय पुढच्या सतरा वर्षांसाठी कायम होतो, आणि तोही न्यायालयाच्या शिक्क्याने.

जुन्या धर्मसूत्रांतही मनुष्यवधाचे वैर फेडण्यासाठी गाई द्यायला सांगितल्या आहेत: क्षत्रियासाठी हजार, वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा. बौधायनाने स्त्रीवध शूद्रवधाच्या पंक्तीला बसवला. आजच्या कायद्याने वर्ण काढून टाकला. मिळकत मात्र ठेवली. स्त्रीच्या बाबतीत सुधारणा हळूहळू झाली. २००१ च्या लता वाधवा निकालात गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले, आणि २०२१ च्या कीर्ती निकालात गृहिणीच्या घरकामालाही मिळकत आणि भविष्यातील वाढ लावण्याचे तत्त्व ठामपणे मांडले गेले. एका ठिकाणी मात्र समता पूर्ण आहे. सहवास गमावल्याबद्दल पत्नीला, मुलाला, आईवडिलांना प्रत्येकी ४०,००० रुपये आणि अंत्यविधीसाठी १५,००० रुपये, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीने. ही रक्कम ठेकेदाराच्या कामगाराला आणि कंपनीच्या डायरेक्टरला सारखीच. शोकाला पगारपत्रक नसते हे कायद्याने इथे मान्य केले. रक्कम फारच लहान आहे, ती वाढवायला हवी. तिच्यामागचे तत्त्व मात्र सगळ्या हिशेबात श्रेष्ठ आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या मुलांना ‘बालपरवेशी’ मिळे. मुलांचे पालन हा हेतू तिच्या नावातच आहे, आणि भरपाईचा खरा गाभाही तोच असायला हवा.

दावा चालतो तेव्हा धर्म आणि व्यवहार यांचे घड्याळ वेगवेगळे असते. कलम १६६ खालचा अर्ज सहा महिन्यांत करावा, अशी मुदत आता कायद्यात आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. घरात अजून वर्षश्राद्ध व्हायचे असते, आणि मृताची पत्नी पगार स्लिप, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीची पॉलिसी हे गोळा करत फिरते. चाकणला मेलेल्या मुलाचे आईबाप बीडला किंवा लातूरला असतील, तर ते आपल्या राहत्या जिल्ह्यातही अर्ज करू शकतात. ही सोय त्यांना कोणीतरी सांगायला हवी. लोकअदालतीत तडजोड झाली की मृताची पत्नी सही करते. अज्ञान मुलाचा वाटा बहुधा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहतो.

त्या सहीने काय मिटते? देहूची परंपरा इथे दिशा दाखवते. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, पण आधी वाटणी करून भावाचा वाटा त्याला दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खते बुडवली, असे सांगतात. येणे सोडून देण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचाच, आणि तोही त्याच्या वाट्यापुरता. तडजोडीवर सही करणारी विधवा पैशाचे येणे संपवते. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूबद्दल ड्रायव्हरला क्षमा करायची की नाही, हे तिने त्या कागदावर लिहिलेले नसते, आणि तसे लिहून घेण्याचा अधिकार कंपनीला नाही.

दंडाचेही तसेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती शिक्षा किंवा तो दंड पॉलिसीवर टाकता येत नाही. याच्याही पुढे प्रायश्चित्त उरते. शास्त्रात त्याची सुरुवात अनुतापाने आणि पाप उघड सांगण्याने होते. विम्याच्या आजच्या रीतीत नेमके तेच अवघड होऊन बसले आहे. चूक कबूल करू नका, असा सल्ला ड्रायव्हरला मिळतो. न्यायाधिकरणात तो बहुधा येतच नाही. कंपनीचा वकील उभा राहतो, आणि मृताच्या आईला ज्याच्याकडे पाहायचे असते तो चेहरा तिला दिसत नाही. पैशाच्या जबाबदारीतून माणसाला मोकळे करताना भेटीच्या आणि कबुलीच्या जबाबदारीतूनही मोकळे करण्याची गरज नव्हती. कायद्याने ते सांगितलेले नाही. ती सवयीने आलेली गोष्ट आहे आणि ती बदलता येते.

मोटार वाहन कायद्यात प्रायश्चित्ताच्या सर्वांत जवळ येणारे कलम १३४ आहे. अपघातानंतर ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचे. जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते अशक्य असेल तेवढीच सूट. पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री दोन वाजता जमाव नसतो. तरीही कित्येक गाड्या थांबत नाहीत. गाडीचा नंबर न मिळालेल्या अशा मृत्यूसाठी कलम १६१ प्रमाणे वारसांना दोन लाख रुपये मिळतात, मोटार वाहन अपघात निधीतून. या हिशेबात देणारा निधी आहे आणि घेणारे घर आहे. कर्त्याची जागा रिकामी राहते. मृताच्या घरचे ती भरू शकत नाहीत, पोलिसांना तो सापडत नाही, आणि निधी त्याला विचारत नाही. ती जागा कोणाची आहे हे एकाच माणसाला माहीत असते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच चौकातून गाडी काढतो.